शिसवी मूठ

“बदर, यात दारू घातली का मी?”

अबू हम्मादच्या चिमटीत एक पितळी पुंगळी होती. त्यांनी ती दिव्याखाली धरली, आत डोकावून पाहिलं, समोरच्या लाकडी साच्यात उभी केली आणि पुन्हा उचलली. शेजारच्या स्टुलावर बसून बदरुद्दीन कानशीने एका मुठीच्या कडा मारत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

“मी पाहिलं नाही, अबू हम्माद. ओतून टाका आणि नव्याने घाला.”

“तेच करतो. रोज्याने डोकं जड झालंय.” म्हातारा हसला, पुंगळी उलटी केली. काळी बारीक पूड डब्यात सांडली. म्हणजे घातली होती.

रमजानचे शेवटचे दिवस होते. दुपारनंतरची असरची नमाज होऊन गेली होती, मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, अजून अवकाश होता. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नसलेला सत्तरीपलीकडचा माणूस एखादी गोष्ट विसरला तर नवल काय, अशी बदरुद्दीनने स्वतःची समजूत घातली आणि कानस पुन्हा चालवली. पण त्या दिवशी इफ्तारचा खजूर त्याला गोड लागला नाही. चहात दोनदा साखर पडली तर चहा फार तर गोडमिट्ट होतो. पुंगळीत दोनदा दारू पडली तर रिव्हॉल्व्हर हातातल्या हातात फुटतं. हे त्याला अबू हम्मादनीच शिकवलं होतं.

बदरुद्दीन मूळचा बाणकोटचा. वडील खाडीवर होड्या दुरुस्त करायचे. वल्ह्याची मूठ तासायला बसवून त्यांनी पोराला सुतारकाम शिकवलं. पुढे तो सौदीला आला, तो खमीस मुशैतला दारं-खिडक्या करायला. एकदा एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याच्या घरी कपाटाचं दार बसवायला गेला असताना मागच्या खोलीत टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं दिसलं, त्यावर एक रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या मुठीची एका बाजूची लाकडी पट्टी फुटलेली.

“हे करता येईल तुला?” अधिकाऱ्याने विचारलं होतं.

बदरुद्दीन म्हणाला होता, “हात दाखवा.”

तळवा रुंद, बोटं आखूड, आणि कुठल्या तरी जुन्या जखमेने वाकडी झालेली करंगळी. त्या करंगळीसाठी बदरुद्दीनने मुठीच्या तळाशी एक हलकी खाच ठेवली. अबू हम्मादनी नवी मूठ हातात धरली, करंगळी खाचेत बसवून पाहिली. मग म्हणाले, “कारखान्यातली मूठ साऱ्या जगाच्या हाताला बसावी म्हणून करतात. म्हणून ती कुणाच्याच हाताला बसत नाही.”

त्या दिवसापासून गुरुवारची संध्याकाळ ठरून गेली. पुढे अबू हम्मादच त्याचे कफील झाले, त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या जबाबदारीवर निघाला, फर्निचरचं छोटं दुकान त्यांच्या नावावर निघालं, बायको-मुलगी आली, मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकून मोठी झाली. गुरुवार मात्र सुटला नाही. अबू हम्माद नेमबाजीच्या क्लबाचे जुने सभासद. रिव्हॉल्व्हरं त्यांच्याकडे थोडीच होती, पण एकेकाची जात, चापाचा ताण, घोडा मागे ओढताना होणारा आवाज ते असे सांगायचे, जसं कोकणात कुणी कलमाच्या आंब्यांबद्दल सांगावं. काडतुसं ते स्वतः भरत. वापरलेल्या पुंगळ्या घासूनपुसून सोन्यासारख्या करायच्या, बुडाशी टिकलीएवढी टोपी बसवायची, तराजूवर दारू तोलायची, वर शिशाची गोळी ठेवून यंत्राचा दांडा खाली ओढायचा. “दुकानातलं काडतूस म्हणजे हॉटेलातला कब्सा,” ते म्हणायचे. “पोट भरतं. पण घरच्याची सर नाही.”

बदरुद्दीनचं काम लाकडाचं. इथल्या डोंगरातलं रानजैतून, सिद्र, अरअर, आणि गावी गेला की कपड्यांच्या घडीत घालून आणलेले शिसवीचे तुकडे. मुठीवर बारीक चौकड्या खोदताना त्याचा श्वास आपोआप हळू व्हायचा. त्याने आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती, चापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दोघांत ठरलं होतं की हत्यार या घराबाहेर त्याच्या हाती जायचं नाही. परदेशी माणसाच्या दुकानात हत्यार सापडलं तर पुढचं काही विचारायलाच नको. दुकानात फक्त लाकूड असायचं.

पहिल्या वर्षी फोनवर तो बायकोला म्हणाला होता, “शेख चांगला माणूस आहे. दर गुरुवारी घरात बसून दारू भरतो.” पलीकडून रुकय्याने इतक्यांदा तौबा केली, की बंदुकीची दारू म्हणजे काय ते समजावता समजावता कार्ड संपलं होतं. अबू हम्मादना ती गोष्ट फार आवडायची. महिन्यातून एकदा तरी ते ती सांगायला लावायचे.

ईद झाली, रोजे संपले, पण विसरणं संपलं नाही.

रुकय्याच्या तौबेची गोष्ट एकाच संध्याकाळी त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि दोन्ही वेळा तेवढेच हसले. एकदा बदरुद्दीनला ‘मुबारक’ म्हणून हाक मारली. मुबारक हा फौजेत त्यांच्या हाताखाली होता, आणि वारून जमाना झाला होता. साच्यातल्या सगळ्या पुंगळ्यांत दारू घालून झाली की बॅटरी मारून आतली पातळी सारखी आहे का ते पाहायचं, हा त्यांचा नेम. जिल्हजच्या महिन्यात एका गुरुवारी त्यांनी बॅटरी उचललीच नाही, थेट गोळ्या बसवायला घेतल्या.

“बॅटरी, अबू हम्माद,” बदरुद्दीन हळूच म्हणाला.

“मारली की आत्ता.”

“माझ्यासाठी एकदा. मला बघायला आवडतं.”

म्हाताऱ्याने कौतुकाने बॅटरी त्याच्या हाती दिली. सगळं ठीक होतं. तेव्हापासून गुरुवार आला की त्याचं जेवण कमी व्हायचं. त्याच्या हातातली मूठ पुढे सरकायची नाही, कारण डोळे सगळे समोरच्या हातांवर. भरलेली काडतुसं तराजूवर तोलून चूक सापडते का, हेही त्याने एकदा, म्हातारा नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला गेला तेव्हा, करून पाहिलं. काही कळेना. शिशाच्या गोळ्यांतच इतका फरक, की चिमूटभर दारू त्यात कुठे लपली ते कोण सांगणार!

कुणाला सांगावं? शेजारच्या खोलीत गुणाजी राहायचा, कणकवलीचा. मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं ठेवायची असा नियम आला तेव्हा त्याचं रिपेरिंगचं टेबल गेलं होतं. आता तो एसी साफ करत हिंडायचा.

“तू गप रव,” गुणाजी म्हणाला. “तुजो इकामो त्येच्या नावार. त्येका दुखवलंस तर आठ दिसांत इमानात बसशीत. आणि तुज्या दुकानाचो नंबर मोहरमात लागतलो, म्हायत हा मा?”

माहीत होतं. कपड्यांची, गाड्यांची, फर्निचरची दुकानं नव्या वर्षापासून सौदी माणसांच्या हाती जायची होती. वर्षभरापूर्वी परदेशी कामगारांच्या कुटुंबांवरचा कर सुरू झाला तेव्हा रुकय्या आणि मुलगी अफनान गावी गेल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत अर्धी गल्ली रिकामी झाली होती. अबू हम्मादनी त्यावर आपला तोडगा काढला. मोहरम लागल्यापासून रोज सकाळी ते काठी टेकत दुकानात येऊन खुर्चीवर बसायचे. तपासनीस आले तर सौदी माणूस गल्ल्यावर दिसावा. “मी जिवंत आहे तोवर तुझं दुकान आहे,” ते म्हणायचे. रियाधला मोठ्या कंपनीत असलेला त्यांचा मुलगा हम्माद फोनवर म्हणायचा की यबा, तो गाळा देऊन टाका, रियाधला या. ते हसून फोन ठेवायचे.

म्हणजे त्या माणसाच्या डोक्यावर बदरुद्दीनचं सगळं उभं होतं, आणि ते डोकं आतून भुसभुशीत होत चाललं होतं, हे त्याला एकट्याला ठाऊक.

शेवटी त्याने फोनवर रुकय्याला सांगितलं.

“अवो, त्याच्या पोराला सांगा ना.”

“सांगितलं की तो सगळं काढून घेईल. त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? बायको गेली, पोर लांब. गुरुवारवर जगतात ते.”

“आनि नाय सांगितला, आनि त्यांच्या हातात काय फुटला, तर? तुमी तितं बसलेले असाल. पोलीस पयला कोनाला धरतील?”

मागून अफनानचा आवाज आला, “अब्बा, जस्ट टेल हिज सन. इतना क्या सोचना है?”

हम्मादचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. रात्र पडली की तो नाव काढून बघायचा आणि फोन उशीखाली सारायचा. आपण म्हाताऱ्याच्या जिवासाठी गप्प आहोत की आपल्या इकाम्यासाठी, याचं उत्तर त्याचं त्यालाच देता येत नव्हतं.

सफरच्या महिन्यात एका शुक्रवारी क्लबात जायचं ठरलं. क्लबाचं मैदान शहराबाहेर एका उजाड दरीत होतं. गाडी नेहमीप्रमाणे बदरुद्दीनने चालवली. त्याचं तिथलं काम म्हणजे थर्मासातला चहा ओतायचा आणि मागच्या बाकावर बसून बघायचं. अबू हम्मादचे फौजेतले जुने दोस्त आधीच जमले होते. त्यांत एक निवृत्त कर्नल होता, सुटलेल्या पोटाचा, मोठ्याने बोलणारा.

अबू हम्मादनी पिशवीतून काडतुसांचा डबा काढला. लाल झाकणाचा.

गेल्या गुरुवारी भरला तो डबा निळ्या झाकणाचा होता. बदरुद्दीनने स्वतः बॅटरी मारून पाहिला होता. चहाचा कप हातात तसाच धरून त्याने विचारलं.

“हा कधी भरलात, अबू हम्माद?”

“हा?” त्यांनी डबा फिरवून पाहिला. “परवा. नाही, त्याच्या आधी. तू होतास की.”

“मी नव्हतो.”

“होतास, होतास,” ते म्हणाले आणि एकेक काडतूस सिलिंडरमध्ये सरकवू लागले. शिसवी मुठीचं ते रिव्हॉल्व्हर त्यांचं सर्वांत लाडकं होतं. बदरुद्दीनच्या हातून झालेली सर्वांत देखणी मूठ त्यालाच. सिलिंडर बंद झाल्याचा हलका खट् आवाज झाला. कानांवर मफ चढवून म्हातारा गोळ्या झाडायच्या रेषेकडे चालू लागला.

पुढच्या काही क्षणांत बदरुद्दीनच्या मनात काय काय येऊन गेलं! ओरडावं, यांना विसरायला होतं, झाडू देऊ नका म्हणून? या दोस्तांदेखत? हे लोक त्यांना अजून सलाम ठोकतात. की बसून राहावं? सगळी काडतुसं चांगलीही असतील. चूक असेलच कशावरून? आणि नसेल कशावरून? अबू हम्मादनी हात लांब केला. उन्हात नळी चमकली, वाकडी करंगळी मुठीच्या तळाशी जाऊन बसली.

“थांबा!” बदरुद्दीन धावला. कप कुठे पडला ते त्याला कळलं नाही. “थांबा, अबू हम्माद! मुठीला चीर आहे!”

मैदानावरचा पहारेकरी त्याच्यावर खेकसला. रेषेवर सुताराने यायचं नसतं. अबू हम्मादनी मात्र सवयीने हत्यार खाली केलं, सिलिंडर उघडून काडतुसं टेबलावर ओतली आणि मग मान वळवली.

“कसली चीर?”

“काल रात्री आठवलं मला. लाकूड ओलं होतं. झटक्याने तुटेल, हाताला लागेल.”

कर्नल पुढे आला. “आण इकडे. मला तर काही दिसत नाही. कुठे आहे चीर? दाखव.”

बदरुद्दीनच्या खिशात छोटा पेचकस नेहमी असायचा. त्याने रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा स्क्रू सोडवला, एका बाजूची पट्टी सुटी केली. घरी, मागच्या खोलीत, ती त्याने इतक्यांदा काढली-घातली होती. इथे कर्नल खांद्यावरून बघत होता. चीर कुठेच नव्हती. चौकड्या उन्हात काचेसारख्या झळकत होत्या. शिसव सहजी तुटत नाही. पण करंगळीसाठी खाच केली होती तिथे लाकूड सर्वांत पातळ होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्याने ती जागा लोखंडी टेबलाच्या धारेवर ठेवली आणि तळव्याने सगळा भार दिला.

कट् आवाज झाला. एक तुकडा उडून वाळूत पडला. त्याचा तळवाही कापला.

“हे बघा,” तो म्हणाला. “माझी चूक. लाकूड नीट वाळू दिलं नाही.”

“हिंदी सुताराचं काम!” कर्नल हसला, बाकीचेही हसले. “वर्षानुवर्षं याची तारीफ ऐकवतोस आम्हाला. जाऊ दे, अबू हम्माद, माझं रिव्हॉल्व्हर घे. बोअर एकच आहे. तुझी घरची काडतुसं घाल आणि झाड.”

याचा बदरुद्दीनने विचारच केला नव्हता. आता दुसरं काय तोडायचं?

अबू हम्माद वाळूतला तुकडा वाकून उचलत होते. तो त्यांनी अंगठ्याने चाचपला, तुटलेली कड डोळ्यांजवळ नेली. मग बदरुद्दीनच्या हातावरच्या रक्ताकडे आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एकेक काडतूस उचलून त्यांनी डब्यात ठेवलं, लाल झाकण दाबून बसवलं.

“आज नको,” ते म्हणाले. “मजा गेली.”

परतीचा घाट लागला. कठड्यांवर माकडांचे कळप बसले होते. गाडी हळू झाली की खायला मिळेल म्हणून पुढे यायचे.

“ते लाकूड असं तुटत नाही,” अबू हम्माद समोर बघत म्हणाले.

“नाही तुटत.”

“मग?”

बदरुद्दीनने सांगितलं. रमजानची पुंगळी, बॅटरी, मुबारकची हाक, लाल डबा. सांगताना त्याची नजर रस्त्यावरच होती. शेजारी बघायची हिंमत नव्हती.

“गाडी बाजूला घे.”

त्याने घेतली. म्हातारा उतरला, कठड्याला हात टेकून उभा राहिला. वाऱ्याने त्याचा शुभ्र थोब अंगाला चिकटला, आणि हा माणूस किती वाळलाय ते बदरुद्दीनला पहिल्यांदा दिसलं.

“तू आज मला वाचवलंस की लाजवलंस, तेच कळत नाहीये,” ते म्हणाले.

“लाज तर माझी गेली, अबू हम्माद. ते मला हसले.”

“तेच म्हणतोय मी! माझ्यावर दया करायला तुला कुणी सांगितलं? तू सुतार आहेस. हाताचं माप घे. माझ्या डोक्याचं माप घ्यायला तुला कुणी सांगितलं?” त्यांचा आवाज फाटला. एक माकड दचकून पळालं. “उद्यापासून येऊ नकोस. गुरुवारीही नको. दुकानाचं मी बघतो काय करायचं ते. खलास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशीही. बदरुद्दीनने शटर अर्धंच वर घेतलं. गल्लीत तपासनिसांची गाडी आली की शेजारचा पडदेवाला शिट्टी घालायचा आणि एकापाठोपाठ एक शटरं खाली यायची. बदरुद्दीन आत अंधारात लाकडांमध्ये उभा राहून बुटांचे आवाज ऐकायचा. एकदा कुणीतरी शटरवर थाप मारली, थांबलं, आणि पुढे गेलं. तो मात्र नंतर कितीतरी वेळ जमिनीवर बसून होता.

“सांगलंलं तुका,” गुणाजी म्हणाला, पण संध्याकाळी त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाजी बदरुद्दीनच्या ताटात वाढली.

इकाम्यापेक्षा दुसरीच धास्ती मोठी होती. आता तिथे बॅटरी मारायला कुणी नव्हतं. तो लाल डबा त्या घरातच होता. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की तो शटरखालून वाकून ती कुठल्या दिशेने जाते ते बघायचा. हात रिकामे राहिले की डोकं जास्त चालायचं, म्हणून त्याने शिसवीचा उरलेला तुकडा काढला आणि मुठीची नवी जोडी करायला घेतली. माप बघायची गरज नव्हती. पण हातावरची जखम खोदताना उलायची, आणि लाकडावर डाग पडू नये म्हणून त्याला सारखं थांबावं लागायचं.

गुरुवारी दुपारी ठरवून त्याने हम्मादचं नाव काढलं. अंगठा बटणावर टेकतोय तोच फोन वाजला. अबू हम्माद होते.

“ये,” एवढंच म्हणाले.

मागच्या खोलीतल्या टेबलावर हिरवं कापड होतं. लाल डबा उघडा आणि रिकामा. एकेका काडतुसाची गोळी काढून अबू हम्मादनी सगळं सुटं केलं होतं: गोळ्या एका वाटीत, पुंगळ्या ओळीने उभ्या, आणि प्रत्येकीसमोर कागदाच्या चौकोनावर तिची तिची दारू. ते काम पाहूनच कळत होतं की त्यांना त्यात आठवडा गेला असावा. बहुतेक चौकोनांवर सारख्याच टेकड्या होत्या. काही कोरे होते. आणि कडेला वेगळ्या ठेवलेल्या एकावर इतरांच्या दुप्पट.

अबू हम्मादनी तो कागद बोटाने बदरुद्दीनकडे सरकवला.

“चूक झाली याचं मला काही नाही,” ते म्हणाले. “चूक फौजेतही व्हायची. पण बदर, हा डबा मी भरला हेच मला आठवत नाही. कुठल्या दिवशी बसलो, दिवा लावला की नाही, काहीच नाही. जणू दुसरंच कुणीतरी घरात येऊन माझ्या खुर्चीवर बसून गेलं.”

बदरुद्दीनने खिशातून फडकं काढलं आणि त्यात गुंडाळलेली मुठीची नवी जोडी टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, पेचकस त्याच्याकडे सरकवला. “बसव.” मूठ बसली. त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर एकदा हातात तोललं, कापडावर ठेवलं, फोन उचलला आणि रियाधला मुलाला लावला.

हम्माद दुसऱ्या दिवशी विमानाने आला. चाळिशीतला, इस्त्रीच्या थोबातला, सभ्य माणूस. वडिलांना डॉक्टरकडे नेऊन आणल्यावर तो एकटाच दुकानात आला आणि बापाच्या खुर्चीवर बसला.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“रमजानपासून.”

“आणि तू मला एक फोन केला नाहीस.”

“नाही केला.”

“का?”

बदरुद्दीनला वाटलं, म्हणावं की त्यांचं मन मोडलं असतं. ते खोटं नव्हतं. “भीती वाटली,” तो म्हणाला. “त्यांच्यासाठी वाटली. माझ्यासाठीही वाटली.”

हम्मादने समोरचा रंधा उचलला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला. रागवायला आला होता, पण राग त्याला धरून ठेवता आला नाही. “मीही दर आठवड्याला फोनवर बोलायचो त्यांच्याशी,” तो म्हणाला. “मला काहीच कळलं नाही.”

मग कामाचं बोलणं झालं. वडील आता त्याच्याजवळ रियाधला राहणार. दुकान बंद करावं लागेल. इथे बसायला सौदी माणूस नाही आणि असता तरी नियम रोज कडक होतायत. दुसरीकडे कुठे नाव लावून द्यायचा प्रयत्न तो करील, पण या वयाच्या सुताराला आता कोण घेणार, हे दोघांनाही कळत होतं. फायनल एक्झिट, कायमचं मायदेशी. हा शब्द इतकी वर्षं बदरुद्दीन दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकत आला होता. आता तो आपल्याच नावाला लागला, तर भीतीऐवजी कितीतरी दिवसांनी नीट श्वास आला, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. फोनवर रुकय्या आधी रडली, मग म्हणाली, “या. मागच्या पडवीत तुमचा बाक तसाच हाय.”

रिव्हॉल्व्हरं पोलिसांत जमा करायची होती. हम्मादने बदरुद्दीनलाही सोबत बोलावलं, कारण वडिलांनी त्याच्याशिवाय घराबाहेर पडायला नकार दिला होता. ठाण्यातला अधिकारी तरुण होता, आदबीने वागला, अबू हम्मादना खुर्ची दिली. एकेक हत्यार पेटीतून निघालं, नंबर बघितला गेला, बाजूला ठेवलं गेलं. अबू हम्माद शेजारच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत होते, जणू हे कुणा दुसऱ्याचं काम चाललंय.

शिसवी मुठीचं रिव्हॉल्व्हर बाहेर आलं तेव्हा ते उभे राहिले.

“याचं लाकूड मला ठेवता येईल?”

अधिकाऱ्याने हम्मादकडे पाहिलं, मग हत्याराकडे. “लाकडाला परवाना लागत नाही, काका. घेऊन जा.”

बदरुद्दीनने पेचकस काढला. स्क्रू फिरवताना त्याने त्या लोखंडाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मुठीशिवाय ते फार बारीक दिसत होतं, एखाद्या हाडकासारखं. अधिकाऱ्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर चिठ्ठी डकवली.

परतताना हम्माद गाडी चालवत होता, वडील पुढे, बदरुद्दीन मागे. दुपारची वेळ, शाळा सुटल्या होत्या, रस्त्यावर गर्दी होती. अबू हम्मादनी दोन्ही पट्ट्या समोरासमोर जुळवून उजव्या मुठीत धरल्या होत्या. मधे धरायला काही नसल्याने त्या एकमेकींवर सरकत होत्या, आणि गाडी सिग्नलला थांबली, इंजिनाचा आवाज उतरला, की लाकडावर लाकूड घासल्याचा तेवढा कोरडा आवाज मागच्या सीटपर्यंत येत होता.